वऱ्हाड, जत्रा आणि मजुरांची टोळी: गावातून गाडी ठरवण्याचा बरोबर क्रम

लग्नसराईत मला फोन येतात ते बहुतेक रात्री नऊनंतर. "उद्या सकाळी वऱ्हाड निघायचंय, एक गाडी कमी पडतेय, एखादा पिकअप सांग ना." मी पिकअप सांगत नाही. त्यावरून दोन-तीन घरांशी बोलणं तुटलं, तरी सांगत नाही.

पिकअप स्वस्त पडतो म्हणून ठरतो, असं लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. शेवटच्या रात्री माणसं जास्त आणि गाड्या कमी निघतात, तेव्हा तो ठरतो. आपल्याकडे खान्देशात आधी भाडं विचारतात, मग इसार देतात, मग माणसं मोजतात. गाडीचे कागद पाहायची वेळ येते ती अपघातानंतर, पोलीस ठाण्यात. हा क्रम उलटा करायचा. माणसं आधी, मग सीट, मग गाडी, मग कागद, आणि इसार सगळ्यांत शेवटी.

## १. माणसं मोजा: किमान पंधरा दिवस आधी

वहीचं एक पान घ्या आणि नावं लिहा. "चाळीसेक असतील" हा आकडा नाही. गल्लीवार लिहिलं की कोणी सुटत नाही. प्रत्येक नावापुढे कुठून बसणार ते लिहा, कारण अर्धं वऱ्हाड गावातून आणि अर्धं रस्त्यातल्या फाट्यांवरून चढतं. गाडी भरते ती तिथेच.

लहान मुलांना सीट धरा. कडेवरचं बाळ सोडलं तर प्रत्येक पोराला एक जागा. "मांडीवर बसेल" म्हणून सोडलेली पाच पोरं शेवटी दोन सीटांच्या मधल्या बोळात, नाहीतर दारापाशी उभी असतात.

परतीचा आकडा वेगळा काढा. इथे सगळे चुकतात. जाताना ३६ असलेलं वऱ्हाड येताना ३९ होतं: नवरी, तिची पाठराखीण, सोबत येणारा एखादा धाकटा भाऊ. शिवाय आंदणाची भांडी, कपाट, गादी. सामानासाठी वेगळा छोटा टेम्पो लागणार असेल तर तो आत्ताच यादीत लिहा. त्यात फक्त सामान जाईल, माणूस जाणार नाही, हेही लिहा.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आणि मोठ्या तिथीला एकाच दिवशी तालुक्यातल्या सगळ्या गाड्या बाहेर असतात. श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हाही तेच. अशा दिवसासाठी पंधरा नाही, तीस दिवस आधी बसा.

पडताळणी: जाण्याचा आकडा, परतीचा आकडा आणि फाट्यांवर चढणाऱ्यांची नावं, तिन्ही कागदावर आली का? नसतील तर गाडीवाल्याला फोन करू नका.

## २. माणसांची गाडी आणि मालाची गाडी

पिकअप, छोटा हत्ती, आयशर, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली या मालाच्या गाड्या. हौद्यात सतरंजी अंथरली, वर ताडपत्री बांधली, कडेला दोर लावला, तरी ती मालाचीच गाडी राहते. हौद्यात बसलेल्या माणसाला धरायला काही नसतं. वळणावर सगळी माणसं एका बाजूला सरकतात, आणि तेवढं वजन एकदम सरकलं की उंच गाडी उलटायला खड्ड्याचीही गरज लागत नाही. पोती दोरानं बांधलेली असतात. माणसं बांधलेली नसतात.

दुसरी गोष्ट विम्याची. मालवाहू गाडीच्या विम्यात ड्रायव्हर येतो, आणि मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस येतो. हौद्यातलं वऱ्हाड त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. विमा कंपनी हात वर करते, भरपाईचा बोजा गाडीमालकावर जातो, आणि तो मालक बहुतेक वेळा हप्त्यावर गाडी घेतलेला आपल्याच गावचा पोरगा असतो. त्याच्याकडून काय वसूल होणार?

मजुरांच्या टोळीचं इथेच सांगतो, कारण त्यांच्या बाबतीत "सवय आहे त्यांना" असं सहज म्हटलं जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला. मजूर पपईवर बसून घरी, रावेर तालुक्यात परतत होते. पंधरा जण गेले. केळीची कापणी, पपईची भरणी, कापसाची वेचणी, ऊसतोड या सगळ्यांत हाच प्रकार चालतो. माल भरून झाला की टोळी त्याच मालावर चढते, कारण परतीची सोय कुणी बोललेलीच नसते.

म्हणून बागाईतदार असाल, व्यापारी असाल, मुकादम असाल, टोळीची मजुरी ठरवताना जाण्या-येण्याची गाडी त्याच बोलण्यात ठरवा आणि तिचं भाडं कोण देणार तेही. रात्री भरणी असेल तर टोळी तिथेच झोपून सकाळी निघेल अशी सोय करा. मालावर माणूस चढला तर ट्रक वजनकाट्यावरून पुढे सोडायचा नाही, हे ड्रायव्हरला त्याच्या मालकासमोर सांगा.

माणसांसाठी चालते ती गाडी अशी: एसटी, परवाना असलेली खासगी बस, टेम्पो ट्रॅव्हलर, परवान्याची क्रुझर किंवा तुफान, काळीपिवळी. अ‍ॅपे रिक्षा गावातून फाट्यापर्यंत ठीक. हायवेवर वऱ्हाड घेऊन ती नेऊ नका.

थांबा: पांढऱ्या नंबरप्लेटची मोठी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर तिथेच नाही म्हणा. भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट आणि काळी अक्षरं लागतात. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीचा विमा घरच्या वापरासाठी असतो. भाडं घेऊन प्रवासी नेले की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. (विजेवर चालणाऱ्या गाडीची प्लेट हिरवी असते. भाड्याची असेल तर तिच्यावर पिवळी अक्षरं.)

## ३. आधी एसटीच्या आगारात जा

खासगी गाडीवाल्याला विचारण्याआधी जवळच्या आगारात 'प्रासंगिक करार', म्हणजे अख्खी बस भाड्याने, म्हणून चौकशी करा. जळगाव विभागात चोपडा, अमळनेर, यावल, रावेर, पाचोरा, चाळीसगाव, जामनेर अशी आगारं आहेत. धुळे विभागात शिरपूर, साक्री, दोंडाईचा, शहादा, नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा वगैरे. भाडं किलोमीटरवर असतं, आणि बस आगारातून निघून आगारात परत येईपर्यंतचं अंतर धरतात. म्हणून गावाला जवळ पडेल तेच आगार धरा. किमान किती किलोमीटरचं आणि किती तासांचं भाडं लागेल, मुक्काम झाला तर काय, हे खिडकीवरच विचारून लिहून घ्या.

वऱ्हाड लहान असेल आणि त्यात बायका जास्त असतील, तर नेहमीच्या बसने जाण्याचा हिशोब एकदा करून बघा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. वीस माणसांसाठी गाडी ठरवण्यापेक्षा दोन बसमध्ये विभागून जाणं कितीतरी स्वस्त पडतं. तिकिटं फेकू नका. त्यात एक रुपया अपघात सहाय्यता निधीचा घेतलेला असतो, आणि तुम्ही त्या बसमध्ये होता याचा तो पुरावा आहे.

## ४. कागद पाहा, मग इसार द्या

इथे घाई करू नका. गाडीमालकाला सांगा, "कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, रात्री इसार पाठवतो." चांगला गाडीवाला पाच मिनिटांत टाकतो. जो "काहीच नई व्हस भाऊ, आमनी गाडी रोज चालस" म्हणतो, त्याची गाडी सोडून द्या.

आरसी बुक. त्यावर आसनक्षमता लिहिलेली असते, आणि तो आकडा ड्रायव्हर धरून असतो. १३ लिहिलं असेल तर तुमची माणसं १२. गाडीवाला "सतरा बसतात आरामात" म्हणेल. तो खोटं बोलत नाही, बसतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४अ प्रमाणे जादा प्रत्येक माणसामागे २०० रुपये दंड आहे, आणि जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडायची नाही अशीही तरतूद आहे. मुहूर्त अर्ध्या तासावर असताना हायवेवर पाच जण उतरवावे लागले तर काय कराल?

फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र. भाड्याच्या गाडीला हे लागतंच. गाडी आठ वर्षांपर्यंतची असेल तर दर दोन वर्षांनी, त्याहून जुनी असेल तर दरवर्षी नवं करावं लागतं. तारीख लग्नाच्या दिवसापुढची हवी. आजच्या पुढची असून उपयोग नाही.

विमा. फक्त तारीख बघून पुढे जाऊ नका. पॉलिसीच्या पहिल्या पानावर गाडीचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे 'पॅसेंजर कॅरिंग' हवं. 'गुड्स कॅरिंग' किंवा 'प्रायव्हेट कार' असेल तर ती गाडी तुमच्या कामाची नाही. किती प्रवाशांचा विमा आहे तेही तिथेच असतं. तो आकडा आणि आरसीचा आकडा जुळवून बघा.

परवाना. कोणत्या भागासाठी आहे ते बघा. नवापूरहून पुढे गुजरातेत किंवा पळासनेरहून पुढे मध्य प्रदेशात जायचं असेल तर महाराष्ट्रापुरता परवाना चालत नाही. आपल्याकडे अर्ध्या सोयरिकी सुरत, सेंधवा, बऱ्हाणपूरकडच्या, त्यामुळे ही चूक फार होते. परवान्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड १०,००० रुपये आहे आणि गाडी अडकते ती वेगळी.

हे सगळं दाखवलेल्या कागदावरच मानू नका. मोबाइलमध्ये एमपरिवहन अ‍ॅप घ्या, गाडीचा नंबर टाका. वाहनाचा वर्ग, फिटनेसची मुदत, विम्याची मुदत समोर येते. दोन मिनिटांचं काम आहे.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात मी हे सगळं केलं होतं. कागद पाहिले, तारखा जुळवल्या, इसार दिला. सकाळी दारात उभी राहिली ती दुसरीच ट्रॅव्हलर. "ती गाडी रात्री सुरतहून आलीच नाही, ही पाठवली मालकाने." नंबर टाकून बघितला तर फिटनेस चार महिन्यांपूर्वी संपलेलं. सगळे नटून-थटून उभे, नवरदेव घोड्यावरून उतरलेला. मी नाही म्हणालो, आणि पुढचा सव्वा तास सगळं घर माझ्याकडे कसं बघत होतं ते अजून आठवतं. त्यानंतर मी गाडी ठरवल्याच्या चिठ्ठीत गाडीचा नंबर लिहून घ्यायला लागलो.

पडताळणी: आरसी, फिटनेस, विमा, परवाना, चारही फोटो तुमच्या मोबाइलमध्ये, आणि आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये. आता इसार द्या.

## ५. ड्रायव्हर कोण, आणि तो काल रात्री कुठे होता

लायसन्सचा फोटो मागा. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची भाड्याची गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. म्हणजे क्रुझर, ट्रॅव्हलरला ते चालेल. मोठ्या बसला अवजड प्रवासी वाहनाचंच लायसन्स लागतं.

पण लायसन्सपेक्षा मी एक प्रश्न जास्त महत्त्वाचा मानतो: "काल रात्री कुठली ट्रिप होती?" तिथीच्या दिवसांत तोच ड्रायव्हर तीन-तीन दिवस झोपेशिवाय गाडी ओढतो. कामगारांच्या कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम धरलेलं आहे. तुमचा कार्यक्रम पहाटे पाचला निघून रात्री अकराला परतण्याचा असेल, तर त्यात ड्रायव्हरला मधले चार-पाच तास झोप हवीच. लग्नघरी पोचल्याबरोबर त्याला जेवायला वाढा, झोपायला पंखा असलेली खोली द्या, आणि वरातीत नाचायला बोलावू नका. त्याला "घे एखादा पेग" म्हणणारा आपलाच पाहुणा असतो. त्या पाहुण्याकडे लक्ष ठेवायला एक माणूस नेमा.

## ६. चिठ्ठी

साधा कागद पुरतो. गाडीचा नंबर, तारीख, निघायची आणि परतायची वेळ, माणसांचा आकडा, एकूण भाडं, दिलेला इसार, टोल कोणाचा, डिझेल कोणाचं, ड्रायव्हरचा भत्ता. आणि एक ओळ: "हीच गाडी येईल. बदलली तर त्याच कागदपत्रांची येईल, नाहीतर इसार परत." दोघांच्या सह्या.

## ७. निघायच्या सकाळी

नारळ फोडण्याआधी अर्धा तास हातात ठेवा.

आधी टायर बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि तापलेल्या डांबरावर जुना टायर फुटतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षीच्या खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. हवा थंड टायरमध्ये, निघण्याआधी भरायची. स्टेपनीतही हवा आहे का बघा. बहुतेक वेळा नसते.

मग दिवे, ब्रेकचे लाल दिवे, वायपर. मागचं दार आतून उघडतं का ते स्वतः उघडून बघा. ट्रॅव्हलरमध्ये त्याच दाराला आहेराच्या पेट्या लावून ठेवतात, आणि बाहेर पडायची वाट बंद होते.

फटाके, गॅसची टाकी, डिझेलचा कॅन माणसांच्या गाडीत ठेवायचा नाही. टपावर माणूस बसणार नाही. शेतातल्या लोंबकळत्या तारांखालून जाणारे आपले रस्ते आहेत, तिथे टपावर उभं राहून फेटा हलवणारा पोरगा दिसला की माझ्या अंगावर काटा येतो.

आता यादी घेऊन नावं पुकारा. फाट्यावर चढणाऱ्यांच्या सीटांवर रुमाल टाका. "बठा ना, जागा व्हई जाई" असं म्हणत कोणी जादा आलं, तर गाडी हलण्याआधीच त्यांना नेहमीच्या बसचं तिकीट काढून द्या. हे ड्रायव्हर सांगू शकत नाही, घरच्या मोठ्या माणसानेच सांगायचं. यादीची एक प्रत घरी राहिलेल्या कोणाकडे तरी द्या.

## ८. रस्त्यावर

घाट असेल तर ड्रायव्हरशी आधी बोला. सप्तशृंगगड, तोरणमाळ, अस्तंब्याला जाताना चांदसैली, चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट, पळासनेरच्या पुढचा बिजासन, नाहीतर सुरत रस्त्यावरची कोंडाईबारी. उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं ही जुनी आणि जीवघेणी सवय आहे. गाडी गिअरमध्ये नसली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. जळका वास आला तर गाडी सपाटीवर थांबवून ब्रेक थंड होऊ द्या. औट्रम घाटात जड वाहनांवर निर्बंध आहेत, म्हणून मोठी बस नेणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

धुळे-जळगाव हायवे चौपदरी झाला म्हणून निर्धास्त राहू नका. रात्री तिथे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली किंवा बंद पडलेला केळीचा ट्रक अचानक समोर येतो. दुभाजकातल्या फटीतून उलट्या बाजूने मोटारसायकली येतात. जमत असेल तर परतीचा प्रवास पहाटे ठेवा. रात्रीच निघायचं झालं, तर ड्रायव्हरच्या शेजारी जागा राहणारा, बोलका माणूस बसवा.

गाडी बंद पडली तर सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब, शेताच्या बाजूला उभं करा. गाडीमागे लाल त्रिकोण ठेवा. उभ्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा आत बसलेलेच जातात.

## ९. अपघात झालाच तर

गाडीची चावी बंद. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लाही मदत मिळते. जागा सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. "त्या ढाब्याच्या पुढे" सांगितलं की रुग्णवाहिका भटकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. हात-पाय धरून ओढू नका.

जखमींना दवाखान्यात नेणाऱ्याला आपलं नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ मध्ये हे संरक्षण दिलं आहे. दवाखान्यात "वाहन अपघात" असंच सांगा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते. मे २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना आहे. ती विचारून घ्या.

थांबा: "आपलीच माणसं आहेत, आपसात मिटवू" हे रस्त्यावर ठरवू नका. पोलिसांत नोंद आणि जागेचा पंचनामा झाला नाही, तर पुढे भरपाई मागायला हातात काही उरत नाही. गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबरप्लेटचे आणि जागेचे फोटो काढा.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो, आणि कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तेराव्यानंतर बघू, मग पेरणी झाली की बघू, मग दिवाळीनंतर, असं करत ती जाते. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून भरा.

वकिलाकडे जाताना पोलिसांच्या नोंदीची प्रत, पंचनामा, दवाखान्याचे कागद, गाडी ठरवल्याची चिठ्ठी, प्रवाशांची यादी आणि इसार देण्याआधी मोबाइलमध्ये घेतलेले ते चार फोटो सोबत न्या.